मुर्ध्याला ठेवलेला डबा

भाईंदर पूर्वेला पहिला कॉम्प्युटर कुणी आणला याबद्दल वाद होऊ शकेल, पण कॉम्प्युटर मासळीच्या टोपलीपर्यंत कुणी नेला याबद्दल वाद होऊच शकत नाही. ते आमच्या इमारतीतले चौथ्या मजल्यावरचे काका. जेसल पार्कमधल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, पाणी टँकरचं होतं आणि फोन साऱ्या इमारतीत मिळून दोन होते. अशा ठिकाणी, नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं असताना, या गृहस्थांच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि आतल्या खोलीत मिळून तीन कॉम्प्युटर होते आणि ते एका काळ्या केबलने एकमेकांना बांधलेले होते. अंधेरीच्या एका कंपनीत काकांनी वीस-बावीस वर्षं मोठाल्या यंत्रांवर टेपची रिळं चढवण्याचं आणि उतरवण्याचं काम केलं होतं. कंपनीने जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा त्यांतली टेबलावर मावणारी तीन काकांनी टेम्पोत घालून घरी आणली. काकूंनी तेव्हा कपाटासाठी जागा मोजून ठेवली होती, ती जागा पुढे कपाटाला कधीच मिळाली नाही.

काकांचा विश्वास जगात एकाच गोष्टीवर होता: जे एकच आहे ते असून नसल्यासारखं आहे. म्हणून त्यांच्या खिशात दोन चष्मे असत, हातात दोन घड्याळं असत आणि पावसाळ्यात काखेत दोन छत्र्या असत. एक चालू, दुसरी स्टँडबाय. एकदा स्टेशनवरून येताना माझे वडील नखशिखांत भिजत काकांच्या शेजारून चालत होते आणि काका एक छत्री उघडून, दुसरी मिटलेली काखेत धरून त्यांच्याशी अगदी प्रेमाने बोलत होते. वडिलांनी शेवटी हात पुढे केला, तेव्हा काकांना खरोखर वाईट वाटलं. ते म्हणाले, ही दिली आणि माझी उलटी झाली तर दोघेही भिजू. घराच्या किल्ल्यांचंही तेच. त्यांच्या किल्ल्या इमारतीत चार घरी ठेवलेल्या असत. त्यामुळे काका-काकू गावाला गेले की त्यांच्या घरात नेहमीपेक्षा जास्त माणसं असायची, कारण टीव्ही त्यांचा मोठा होता.

खाडीच्या खाऱ्या हवेने त्या यंत्रांच्या आतली पितळी टोकं काळी पडत. काका रविवारी सकाळी ती सोडवून, मांडीवर टॉवेल पसरून, शाळेतल्या खोडरबराने घासत बसायचे. केबलच्या दोन्ही टोकांना एकेक टोपी बसवलेली होती आणि त्यातली एक जरी निघाली तरी तिन्ही यंत्रं एकदम मुकी व्हायची. हे ज्ञान काकूंना फार लवकर झालं. जेवण थंड होतंय असं दोनदा सांगून झालं की त्या स्वयंपाकघरातल्या टोकाची टोपी काढून पदराला बांधायच्या. काका पाच मिनिटं तिन्ही खोल्यांतून गुडघ्यांवर रांगत दोष शोधायचे आणि मग निमूट पाटावर येऊन बसायचे. आपल्या घरात एवढी मोठी सत्ता एवढ्याशा टोपीत आहे याचा त्यांना रागही होता आणि थोडा अभिमानही होता.

पण काकांची खरी धडपड होती ती कोशाची. नोकरीत असताना त्यांनी पाहिलं होतं की मराठी पोरं हुशार असूनही मुलाखतीत इंग्रजी शब्द आला की पाठ केलेलं घडाघडा म्हणतात आणि पुढचा प्रश्न आला की गप्प होतात. म्हणून त्यांनी ठरवलं, सर्व्हर, नोड, नेटवर्क, क्लस्टर, कॅश, बफर, असे तीनशे शब्द घ्यायचे आणि ते मराठीत समजावून द्यायचे. शब्द इंग्रजीच ठेवायचा. त्याला संस्कृतचा जड कोट चढवायला काकांचा सक्त विरोध होता. अर्थ मात्र असा लिहायचा की शाळेत न गेलेल्या माणसालाही कळला पाहिजे. आणि तो कळला की नाही हे ठरवायचा अधिकार त्यांनी दिला होता मुर्ध्याच्या मावशीला.

मावशी पश्चिमेच्या मुर्धा गावाहून रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन आमच्या इमारतीच्या फाटकाशी बसायची. काका मासे खात नव्हते, घरात अंडंही चालत नव्हतं. तरी सकाळी साडेसात वाजता ते हातात कागद घेऊन टोपलीशी हजर. गिऱ्हाइकं पापलेटाचे डोळे बघतायत, आणि हे मध्येच उभं राहून वाचतायत: "सर्व्हर. म्हणजे पिठाची गिरणी. डबे घेऊन येणारे पुष्कळ, गिरणी एक. ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी. ओळखीच्या माणसाचं मध्येच दळतात, त्याला प्रायॉरिटी म्हणतात." मावशी कोयत्यावरून मान न उचलता ऐकायची आणि एक तर "कललं" म्हणायची, नाहीतर "न्हाय कललं" म्हणायची. कललं म्हणाली की काका वर जाऊन ते कॉम्प्युटरवर टाइप करायचे आणि कागद मावशीला परत आणून द्यायचे, मासे बांधायला. त्यामुळे कोशाची हस्तलिखितं बोंबलांबरोबर आमच्या सगळ्यांच्या घरी येऊन, केराच्या डब्यात जायची.

त्यांतल्या काही व्याख्या मला अजून तोंडपाठ आहेत. ओट्यावरचा चहा-साखरेचा डबा म्हणजे रॅम, माळ्यावरचं पोतं म्हणजे हार्डडिस्क. हाताशी असतं ते थोडं असतं आणि लाइट गेली की सांडतं. टँकर आपल्या मर्जीने येतो आणि आंघोळ आपल्या वेळेला करायची असते, म्हणून मधे जे पिंप भरून ठेवायचं ते बफर. पॅकेट म्हणजे काय, तर काका गिरगावातून भाईंदरला राहायला आले तेव्हा सामान तीन टेम्पोंत आलं. तिसरा टेम्पो सगळ्यांत आधी पोचला, पहिला त्याच्यानंतर, आणि दुसरा रस्ता चुकून पार समुद्राकाठच्या उत्तनला जाऊन आला. पण प्रत्येक खोक्यावर नंबर घातलेला होता, त्यामुळे संसार शेवटी लागला. यावर मावशीने "कललं" म्हणून शिवाय विचारलं होतं, की त्या दुसऱ्या टेम्पोत काय होतं. काकू वरून म्हणाल्या, गॅसची शेगडी.

एकदाच मावशीने व्याख्या नुसती नापास न करता दुरुस्त केली. शब्द होता क्लस्टर. काकांनी लिहून आणलं होतं: एक मोठं जहाज परवडत नाही, म्हणून पाच लहान होड्या एकत्र समुद्रात न्यायच्या आणि एका जहाजाएवढी मासळी आणायची. मावशीने कोयता खाली ठेवला. माझ्या माहितीत काकांच्या वाचनाला तिने कोयता खाली ठेवला तो तेवढ्या एकदाच. "होड्या संगती जातान त्या मासलीसाठी न्हाय, काका. एक बुडली तं दुसरीनी मानसं उचलाला." काकांनी तिथेच खिशातून पेन काढलं. मग त्यांनी सगळं खोडलं, तिचं वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्या दिवशी कागद परत आणून दिला नाही, देव्हाऱ्यात ठेवला.

आता दोन प्रतींशिवाय ज्यांना झोप येत नाही ते सात वर्षांचा कोश एकाच यंत्रात थोडाच ठेवतील. दर शनिवारी काका सगळा कोश मोठ्या, लवचीक, मधे भोक असलेल्या फ्लॉप्यांवर उतरवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरायचे. पण प्रत एकाच छपराखाली राहिली तर ती प्रत नव्हे, हा त्यांचा दुसरा नियम. इमारत पडली तर दोन्ही जाणार. म्हणून दर रविवारी ते डबा घेऊन रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला जायचे, उत्तनची बस पकडायचे, मुर्ध्याला उतरायचे आणि डबा मावशीच्या घरी ठेवून यायचे. पुढच्या शनिवारी तो परत आणून पुन्हा भरायचा. शिवाय इमारतीतल्या बारा घरांना आणि संध्याकाळी त्यांच्याकडे कॉम्प्युटरच्या क्लासला येणाऱ्या पोरांना त्यांनी दहा-दहा शब्द वाटून दिले होते, लिहून ठेवा आणि विसरू नका म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेनने तिचे दहा कॅलेंडरच्या मागे गुजरातीत लिहून ठेवले होते. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचा खेळ आहे.

एका वर्षी श्रावणात काकांना कावीळ झाली. डॉक्टरांनी दोन महिने जिना उतरायला बंदी केली. मी तेव्हा बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होतो, म्हणजे घरीच होतो, आणि काकांच्या क्लासला फुकट बसत होतो. गणपती झाल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. चेहरा पिवळा, आवाज बसलेला, पण कागद दोन प्रतींत तयार, एक माझ्यासाठी. दहा नवे शब्द होते, पहिलाच बॅकअप. म्हणाले, हे तुझे दहा. मावशी पाय मुरगळून दसऱ्यापर्यंत घरीच आहे, फाटकाशी येत नाही. मुर्ध्याला जा, तिला वाचून दाखव, कललं म्हणाली तर येऊन सांग, म्हणजे मी टाइप करतो. मी कागद खिशात घालून उठलो तेव्हा त्यांनी परत हाक मारली. "आणि हे बघ, दसरा येतोय. पावसाळा संपला की ती घरातल्या सगळ्या वस्तूंना ऊन दाखवते. तिला सांग, डब्याला ऊन दाखवू नका. एवढं विसरू नकोस."

मी विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विसरलो नाही. बसमध्ये कॉलेजचे तीन मित्र भेटले, ते पुढे चौक गावाला समुद्रावर निघाले होते. मुर्धा आलं, कंडक्टरने घंटी वाजवली, मी खिडकीतून मावशीच्या गल्लीकडे पाहिलं आणि बसून राहिलो. येताना उतरू म्हटलं. येताना अंधारून आलं होतं, कपडे ओले होते आणि खिशातल्या कागदाचा लगदा झाला होता. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, सगळे दहा कळले म्हणाली. डब्याचंही सांगितलं, म्हटलं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंना मला शिरा करायला लावला. तो शिरा मी खाल्ला.

दसऱ्यानंतर चारच दिवसांनी दुपारी लाइट गेली आणि आली ती नको तेवढ्या जोरात आली. काकांच्या मुख्य यंत्रातून खडखड आवाज झाला, मग जळका वास आला आणि हार्डडिस्क गेली, बाकीच्या दोन यंत्रांना ती नव्हतीच. सगळी इमारत जिन्यात जमली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ज्या काकूंनी सात वर्षं त्या यंत्राला सवत म्हटलं होतं. काका मात्र हसत होते. त्यांची बंदी नुकतीच उठली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा नियम खरा ठरायची वेळ आली होती. म्हणाले, अरे रडताय काय, डबा आहे की मुर्ध्याला. आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, चल, तुला बॅकअप म्हणजे काय ते आज दाखवतो. मी गेलो. न जाण्याचं कारण सुचलं नाही.

मावशी अंगणातच होती. तिने आनंदाने आम्हाला घराच्या बाजूला नेलं. तिथे बांबूंच्या मधे दोऱ्या ताणून बोंबील सुकत घातले होते, ओळीने, पांढरे. आणि त्यांच्याच शेजारच्या दोरीत, मधल्या भोकातून ओवून, काकांच्या फ्लॉप्या टांगलेल्या होत्या. उन्हाने त्यांचे पापड झाले होते. काही आत वळल्या होत्या, काही बाहेर. मावशी म्हणाली, "पावसानी डबा वास मारत व्हता. म्हनून दसऱ्यापासून समद्यासंगती ह्यांनाबी ऊन दाखवलं. मांजर येल म्हनून सोता बसले राखत." तिने एक फ्लॉपी काढून, पदराने पुसून काकांच्या हातात दिली.

काकांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. मग अगदी सहज विचारलं, हा मुलगा मधे येऊन गेला ना तुमच्याकडे? मावशीने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो? न्हाय बा. तुमच्यामागं कुनीच न्हाय आला." काकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. मग ते मावशीकडे वळून म्हणाले, "फार छान ठेवलंत. नाहीतर बुरशी लागली असती." आणि दोरीवरच्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून उतरवून डब्यात भरल्या, झाकण लागत नव्हतं तरी लावलं. परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर मिठागरांकडे बघत होते. भाईंदर यायच्या आधी एवढंच म्हणाले, "चूक माझी. एकाच्याच हाती निरोप दिला." मला त्या वेळी इतकी लाज वाटली की मी माफीसुद्धा मागितली नाही, आणि एकदा राहिलेली माफी पुढे रोज थोडी जड होत गेली.

त्यानंतरचे सहा महिने काका एक लांब वही घेऊन दारोदार फिरत होते. वाटून दिलेले शब्द ते परत गोळा करत होते. बेनने कॅलेंडर भिंतीवरून उतरवून दिलं, म्हणाली, "काका, मार्च तक का फाड़ दिया, लेकिन आपका पीछे का सब रखा है." गिरणीवाल्याला सर्व्हर पाठ होता, फक्त त्याने ओळखीच्या माणसाचा भाग गाळला, आमच्याकडे असं चालत नाही म्हणाला. क्लास सोडून गेलेली पोरं वह्या घेऊन आली. शब्द आले तेव्हा थोडे बदललेले होते, कुणाच्या घरचा वास लागलेले होते, आणि काकांनी ते तसेच उतरवून घेतले. सगळ्यांत जास्त शब्द निघाले मावशीकडे. तिला एक अक्षर लिहिता येत नव्हतं, पण सात वर्षांत ऐकलेलं ती मासे कापता कापता एकामागून एक सांगत गेली. जुनं पुन्हा तपासून बघतोय, असं काकांनी तिला सांगितलं होतं. डब्याचं त्यांनी तिला कधीच कळू दिलं नाही, आणि इमारतीत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की फाटकाशी हा विषय काढायचा नाही.

वही भरली. जे कुणाकडेच सापडले नाहीत ते पाच-पन्नास शब्द काकांनी नव्याने लिहिले आणि मावशीकडून पास करून घेतले. फक्त दहा जागा कोऱ्या राहिल्या. नुसते आकडे आणि शब्द, पुढे काही नाही. ते माझे दहा होते. काकांना ते एका दुपारीत लिहिता आले असते. वहीच्या झेरॉक्स काढून पोरांना वाटल्या त्यातसुद्धा ते दहा कोरेच होते, आणि कुणी विचारलं की काका म्हणायचे, ती जागा एकाची आहे, तो भरेल. मी जिन्यात त्यांची चाहूल लागली की गच्चीवर जायचो. पुढे मला एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं. तिथे विचारलं, क्लस्टर कशाला करतात. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि तोंडातून होड्या निघाल्या, एक बुडली तर दुसरीने माणसं उचलायला. समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले आणि मला नोकरी लागली. पेढे द्यायला वर गेलो तेव्हा काका झोपले होते, म्हणून काकूंच्या हातात देऊन पळालो. झोपले आहेत हे मी आधी बघून ठेवलं होतं.

दशक संपता संपता काका गेले. शांतपणे, दोन्ही घड्याळं चालू असताना. दिवस झाल्यावर काकूंनी मला वर बोलावलं आणि ती लांब वही हातात ठेवली. म्हणाल्या, तुलाच द्यायची असं सांगून ठेवलं होतं. घरी येऊन मी पानं उलटली. शेवटच्या पानावर एक शब्द होता, झेरॉक्समध्ये नसलेला, नंतर कधीतरी लिहिलेला. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. पुढे काकांचं बारीक अक्षर: जिथे सगळं एकावरच अवलंबून असतं ती जागा. तिथे चूक होते ती त्या एकाची नसते, तशी मांडणी करणाऱ्याची असते. उदाहरण: मी. पोराला एकट्याला पाठवलं. मी ते वाचलं आणि बऱ्याच वर्षांनी रडलो.

पुढच्या रविवारी वही घेऊन उत्तनची बस पकडली आणि या वेळी मुर्ध्याला उतरलो. मिठागरांत भराव पडले होते, मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी एक नवी इमारत उभी राहत होती. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. काकांचं तिला कळलं होतं. तिने मला बसायला पाट दिला आणि वहीकडे पाहून म्हणाली, वाच. मी पहिला शब्द घेतला, बॅकअप. म्हटलं, आपली महत्त्वाची वस्तू, तिची दुसरी प्रत करून वेगळी ठेवायची.

"न्हाय कललं," मावशी म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, दोन किल्ल्या, दोन छत्र्या असं काहीतरी. तिने मान हलवली. आता एकच उदाहरण उरलं होतं आणि ते मला टाळता येत नव्हतं. म्हटलं, मावशी, काका तुमच्याकडे डबा ठेवायचे ना, तो. त्यात त्यांचं सगळं लिहिलेलं होतं. घरचं जळालं तर इथलं असावं म्हणून. मावशीचे हात सुकटीत थांबले. तिने सावकाश विचारलं, "मंग घरचं जललं?" मी हो म्हटलं. "आन् ह्यातलं उन्हानी गेलं?"

मी म्हटलं, "उन्हाने नाही. ऊन दाखवू नका हे सांगायला काकांनी मला पाठवलं होतं. मी बसमधून उतरलोच नाही."

मावशीने अंगणातल्या रिकाम्या दोऱ्यांकडे बघितलं. मग तिने डोळ्यांना पदर लावला, सुकटीचं सूप पुन्हा पुढे ओढलं आणि म्हणाली, "आता कललं. लिव."

मी पेनाचं टोपण काढलं आणि काकांनी माझ्यासाठी ठेवलेल्या पहिल्या ओळीवर लिहायला लागलो.